पूर्वेची भिंत

२ नोव्हें., रवि.
खाणीवर पुण्याच्या दोन गाड्या. आता खाण म्हणायचं नाही, 'डाइव्ह साइट' म्हणायचं, ही आमच्या सुहासची आज्ञा. चिरंजीवांनी काठावरच चहा-नाष्ट्याचं हॉटेल टाकलंय ना! डायव्हिंग शिकवणारी पुण्याची केतकी तिथं खाणीच्या इतिहासाचा बोर्ड लावणार. तिला तो सांगितला. सगळ्या हायवेची खडी इथून गेली, खाली झरा लागला, तीन पंप सतत चालायचे. काम संपलं, पंप उचलले, पाणी चढलं.
"काका, तुम्ही मुकादम होतात ना? पूर्वेची भिंत कशी आहे? दोर बांधायला तिथं खुंट्या ठोकायच्यात."
चांगली आहे म्हणालो. जेवण गेलं नाही.

४ नोव्हें., मंगळ.
लिहूनच टाकतो. शेवटच्या दिवशी पूर्वेच्या भिंतीत बारा भोकं सुरुंगाच्या दारूनं भरली होती. बत्ती दिली की मुकादमानं आवाज मोजायचे. एक जरी कमी भरला तरी तो न उडालेला बार सापडेपर्यंत काम बंद. शंका आली तर कमीच धरायचं. मी बारा मोजले. भोकं पाडणारा दत्तू म्हणाला, "अकराच झालं, अण्णा. शेवटचा समोरच्या कड्यावनं माघारी आल्याला घुमारा हुता." पंप न्यायला ट्रक येऊन उभा, मालकांची घाई. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "बहिरा झालास का रं?" वहीत बारा लिहिले.
घुमारा मलाही वाटला होता.

६ नोव्हें., गुरु.
एसटीनं शिराळा. दत्तूकडे. इतक्या वर्षांत एकदाही गेलो नव्हतो, लाज वाटली. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. तो उठला नाही. कुठलं भोक उडालं नाही, मी विचारलं.
"खालनं दुसऱ्या वळीतलं, कोपऱ्यालगत. मीच पाडल्यालं, मला ठावं न्हाई व्हय?"
पाण्यात दारू बाद झाली असेल ना, म्हटलं.
"आसंल. न्हाईबी. हातोडा मारून बघा की."
निघताना माफी मागायची होती. चप्पल घालत बसलो नुसता.

८ नोव्हें., शनि.
केतकीला सगळं सांगितलं. खुंट्या उद्याच ठोकणार होते! "रविवारी विचारलं तेव्हा का नाही बोललात?" तिनं लेखी मागितलं. बार अकराच झाले, मी वहीत खोटं लिहिलं, असं लिहून सही केली. तज्ज्ञ बघून जाईपर्यंत पाण्यात उतरणं बंद. म्हणजे हॉटेलही बंद. सुहास म्हणाला, "अण्णा, एवढी वर्षं गप्प बसलात, तर मग आणखी..." सूनबाईनं ताट वाढलं, तो जेवायला आला नाही.

११ नोव्हें., मंगळ.
तज्ज्ञाचा पत्ता नाही. दत्तूला फोन केला. तुझंच खरं होतं, माझं चुकलं, लिहून दिलंय, म्हणालो.
"कुणाला लिवून दिलंसा?"
पुण्याच्या बाईंना, म्हटलं.
"त्या वळखत्यात व्हय मला? आवं, बहिरा म्हणलासा तवा तीस माणसं हुती. बहिरा गडी सुरुंगाच्या बारावर चालत न्हाई. त्येच्या म्होरं कुठल्या खाणीवर घेतलं न्हाई मला."
त्यानं फोन ठेवला. मला हे ठाऊकच नव्हतं. ठाऊक करून घेतलं नव्हतं.
त्या तिसांतली नावं आठवत बसलो. सोळा जमली. त्यांतले सात गेले. एक जण मलकापूरला असतो म्हणे, घर माहीत नाही. सकाळी जाऊन घर विचारतो. दत्तू बहिरा नव्हता, एवढं त्याला सांगायचंय.