सिंगापुरात मला अटक झाली नाही, त्याबद्दल

बिशान, सिंगापूर
रविवार

प्रिय विश्वास (ग्रामसभेपुरतं मा. सरपंच) यास,

हेमचंद्रचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता पंचायतीच्या पायऱ्या चढू देतो का, वहिनींचा खोकला थांबला का, आणि आमच्या म्हशीने तुझ्या गोठ्यातच कायमचं राहायचं ठरवलंय का, ते सविस्तर कळव. आम्ही उभयता इथे लेकीकडे सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द या खेपेला मुद्दाम लिहितो आहे, कारण काल ग्रामसभा ऐन रंगात असताना मी पडद्यावरून गडप झालो आणि उपसरपंचांना परदेशात बेड्या पडल्या अशी आवई गावात उठल्याचं कळलं. (बेड्या पडल्या नाहीत. बिस्किटं मिळाली.) फोनवरच खुलासा केला असता, पण या विषयावर फोनवर आणि माझ्या आवाजात एक अक्षरही बोलायचं नाही, अशी लेकीची, म्हणजे मेधाची, सक्त ताकीद आहे. म्हणून हे पत्र.

तुमची सभा साडेदहाला सुरू झाली तेव्हा इथे दुपारचा एक वाजला होता. नात इरा आत परीक्षेचा अभ्यास करत होती, म्हणून मी फोन घेऊन खाली गेलो. इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळाच ठेवलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. काय सांगू तुला त्या जागेचं! दगडी टेबलं, वाहता वारा, फरशी अशी की जेवायला पान मांडावं, आणि कोपऱ्यात एकही पिंक नाही. (मी चारही कोपरे जाऊन पाहिले.) तिथे बसून मी सभेला हजर झालो. विषय तोच, प्रबोधच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी येऊन छऱ्याच्या बंदुकांनी डबे उडवतात, त्याला पंचायतीने नियम लावावेत की नाही. प्रबोधचं म्हणणं, माझी जमीन, माझी मर्जी. तुझं म्हणणं, गेल्या महिन्यात अंगणवाडीच्या पत्र्यावर दोन शनिवार छर्रे पडले, पोरं आत होती. आणि मी नेहमीप्रमाणे मधला, दोघांनाही न दुखावणारी दुरुस्ती सुचवणारा. त्या दुरुस्तीचा मसुदा प्रबोधने पुण्याहून इंग्रजी शब्द पेरून आणलेला, आवाज तुटतोय म्हणून तू दर वाक्याला ‘परत सांगा’ म्हणत होतास, तेव्हा मी उभा राहून, शाळेत कवायत घ्यायचो त्या पट्टीत वाचलं: ‘शूटिंग फक्त सॅटरडे! सात ते दहा! स्कूलपासून टू हंड्रेड मीटर! मॅक्झिमम वीस माणसं!’ तेही तीनदा.

शेजारच्या टेबलाशी एक चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि खांबाआड गेल्या. माझ्या आवाजाचा त्रास झाला असेल म्हणून मी मान लववून क्षमा मागितली आणि चौथ्यांदा वाचायला लागलो. काही मिनिटांतच दोन पोलीस समोर उभे. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी म्हणाली, ‘अंकल, कॅन टॉक अ व्हाइल?’ मी घाबरून फोनवरचं लाल बटण दाबलं. तुम्हाला मी दिसेनासा झालो तो क्षण हाच.

आता पुढचं नीट वाच. तिने आधी मला बसायला सांगितलं आणि मग स्वतः बसली. साठ वर्षांत मला पोलिसाने बसा म्हटल्याचं आठवत नाही. मला रक्तदाब आहे म्हटल्यावर गोळी घेतली का विचारलं. घरून इराला बोलावून घेतलं. इरा आली आणि तिने एका दमात निकाल लावला, ‘आजोबा ओन्ली लाऊड, नॉट डेंजरस, लाह.’ (लाह म्हणजे इथलं ‘बरं का’.) मग मी मराठीत सांगत गेलो आणि इरा त्यांना समजावत गेली. आपल्या गावाचं नाव त्या मुलीला उच्चारता येईना, तरी अक्षर अक्षर विचारून तिने ते लिहून घेतलं. अंगणवाडीचं छप्पर पत्र्याचंच आहे ना, विचारलं. पोरांना लागलं का, विचारलं. नाही म्हटल्यावर तिने सुस्कारा सोडला. अरे, चार हजार किलोमीटरवरची आपली पोरं, आणि सुस्कारा हिने सोडला. इथे छऱ्याच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे तिने सांगितलं ते शेवटी, आणि तेही तोरा न मिरवता.

मग त्या आजी खांबाआडून आल्या; पोलिसांना फोन त्यांनीच केला होता. मला वाटलं, आता दिलगिरी व्यक्त करतील. केली नाही. पस्तीस वर्षं त्यांनी बालवाडीत शिकवलं आहे. इराकरवी एवढंच म्हणाल्या की, शूटिंग आणि स्कूल हे दोन शब्द एकापाठोपाठ कानावर पडल्यावर मला बसवेना. आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्यापुढे ठेवला. विश्वास, कालपासून मी थक्क आहे. त्यांना मी माहीत नाही, भाषा माहीत नाही, कुठली शाळा ते माहीत नाही, तरी त्या उठल्या. आपल्याकडे पत्रा दोन शनिवार वाजला, आजूबाजूच्या पाच घरांनी ऐकला, आणि पाची घरं म्हणाली, माकडं असतील. त्या पाचांत माझं घर आहे.

तेव्हा माझी दुरुस्ती मी मागे घेतो. डब्यांच्या मागे मातीचा उंच बांध, अंगणवाडी उघडी असताना बंदूक बंद, आणि पंचायतीची लेखी परवानगी, हे सगळं जसं तू मांडलंस तसं मंजूर व्हावं. माझं मत यात लेखी धर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. पहिल्या शनिवारचे छर्रे कोणाचे, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या शनिवारचे माझे. प्रबोधने हौसेने बोलावलं होतं, मी तेलाच्या डब्यावर नेम धरला, डबा गप्प राहिला आणि खाली पत्रा वाजला. सगळं गाव प्रबोधला धारेवर धरत असताना तो माझं नाव बोलला नाही, आणि मी त्याला बोलू दिलं नाही, हेही खरं. काल त्या पोलीस मुलीने विचारलं, बंदूक कोणी चालवली ते कळलं का? मी सांगितलं. इराने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मुलीने वही मिटली आणि म्हणाली, ‘अंकल, यू टेल युवर व्हिलेज, ओके?’ तर मी पंधरा तारखेला पोचतो. सोळाला सभा लाव आणि माझा विषय पहिला घे.

ता. क. २. सभेआधी अंगणवाडीच्या ताईंकडे जायचं आहे. गुडघा दुखत असला तरी तू बरोबर ये. मला एकट्याला ते दार वाजवता येणार नाही.