बाकीचं जसंच्या तसं राहील

१ डिसेंबर, सोमवार

मिळालं! नीलम्माक्कांनी सकाळीच फोन करून सांगितलं — नव्या टूलचं पान मी लिहायचं. हे नीट झालं तर नोकरी कायम, आणि ती पण इथूनच, उमरग्यातून, घरी बसून. नाही झालं तर जानेवारीत पुण्याला हजर.

पुण्याला गेले तर अण्णांचं कसं? अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्दच गेलेत. रोज सकाळी मी समोर बसून एकेक शब्द म्हणून घेते. आईपुढं ते तोंड उघडत नाहीत, लाजतात. माझ्यापुढं "पाणी" म्हणतात, "बस" म्हणतात. फोनवरून हे होत नाही, करून बघितलंय.

देवा, हे पान तेवढं पार पडू दे.

२ डिसेंबर

आईनं विचारलं, "नेमकं लिहितीस तरी काय गं दिवसभर?"

सांगितलं — एक दूधसंघ आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरची दुधाची माहिती मुख्य ऑफिसात जाते. त्याला डेटाची पाइपलाइन म्हणतात. माहिती कुठून घ्यायची, कुठल्या पासवर्डनं, किती वाजता — या तिच्या सेटिंग. आजवर त्या माणूस बदलायचा, आता एआय एजंट बदलणार. टूल कसं वापरायचं हे तो माझं पान वाचून शिकणार.

"म्हंजे मशीनला चिठ्ठी लिहितीस व्हय!"

व्हय आई, अगदी तेच!

"मग सोप्पं लिही बाई. त्याला कुठं डोकं हाय!"

हसून हसून पुरेवाट झाली. अण्णा पण हसले, अर्ध्या तोंडानं.

४ डिसेंबर, गुरुवार

आमच्याकडं नियम आहे — प्रत्येक वाक्य आधी सरावासाठीच्या खोट्या पाइपलाइनवर स्वतः करून बघायचं, मगच लिहायचं. केलं. माहिती घ्यायची वेळ सहाची सात केली. झाली की! मग लिहिलं: "जे बदलायचं तेवढंच द्या. बाकीचं जसंच्या तसं राहील." कसं सुटसुटीत!

नीलम्माक्कांनी वाचलं. माझ्या कामावर त्यांचीच देखरेख असते. माहेर आळंदचं, त्यामुळं मराठीत मधूनच कानडी डोकावते. "छलो झालंय, शिवांजली!" म्हणाल्या, म्हणजे छान. या बाईंनी मला मुलाखतीत घेतलं नसतं तर मी आज कुठं असते कोण जाणे.

सोमवारी खऱ्या दूधसंघावर चाचणी.

८ डिसेंबर

सगळं बोंबललं.

९ डिसेंबर, मंगळवार

काल हात चालेना. आज लिहिते.

एजंटनं माझं पान शब्दाला शब्द पाळलं. वेळ बदलायची होती, तेवढी वेळ दिली. टूलनं वेळ ठेवली आणि बाकीचं सगळं पुसून टाकलं! पत्ता, पासवर्ड, केंद्रांची नावं — साफ. दिलं नाही म्हणजे नकोय, असं त्या टूलचं गणित. सकाळच्या दुधाची माहिती एकाही केंद्रावरून पोचली नाही. बिचाऱ्या केंद्रवाल्यांनी फॅट हातानं कागदावर उतरवून घेतलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

सराव करताना मी बदललेली वेळ बघितली आणि खूश होऊन उठले. बाकीच्या खान्यांकडं बघितलंच नाही. बघायचं सुचलंच नाही! घरात कुणी "भाजीत मीठ कमी टाक" म्हटलं तर आई तिखट, तेल, कूट टाकायचं सोडत नाही. न सांगितलेलं राहतंच, हे माझ्या हाडात बसलंय. मशीनला कुठली हाडं!

टूल बनवणाऱ्या दिग्विजयनं दुपारपर्यंत जुन्या सेटिंग परत बसवल्या. मला एका शब्दानं बोलला नाही. उलट विचारलं, "जेवलीस का?" किती भली माणसं आहेत ही! बोलला असता तर बरं वाटलं असतं.

नीलम्माक्कांना मीच फोन केला. "अक्का, चूक माझी आहे. मी पूर्ण तपासलं नाही."

त्या म्हणाल्या, "तू पान नीट कर. बाकीचं माझ्यावर सोड."

१० डिसेंबर

नवं लिहिलं: "आधी सध्याच्या सगळ्या सेटिंग वाचा. त्यातली हवी ती बदला. मग सगळ्या परत द्या. जे सुटेल ते पुसलं जाईल." या वेळी एकेक खाना डोळे फाडून बघितला. सुटसुटीतपणा गेला चुलीत.

मनातल्या मनात पुण्याची बॅग भरून झाली.

११ डिसेंबर

अण्णांनी आज तोंड उघडलं नाही. माझा चेहरा वाचतात बहुतेक.

१५ डिसेंबर, सोमवार

पुन्हा चाचणी. एजंटनं आधी वाचलं, मग बदललं, मग सगळं परत दिलं. सगळ्या केंद्रांची माहिती आली! मी खुर्चीतच देवाला हात जोडले.

१७ डिसेंबर

कायम!! उमरग्यातूनच!!

पुण्याहून साहेबांचा फोन आला, तेव्हा आई धुणं वाळत घालत होती. ओल्या हातांनीच तिनं माझी दृष्ट काढली. शेजारच्या कस्तुराबाई म्हणाल्या, "घरी बसून पगार! नशीब काढलंस गं पोरी." गल्लीभर पेढे वाटले.

एवढी मोठी चूक होऊन पण ठेवून घेतलं मला. कंपनीचं मन खरंच मोठं आहे, मी उगीच नावं ठेवायची. नीलम्माक्कांनी फोन उचलला नाही. कामात असतील. त्यांचे आभार मानल्याशिवाय पेढा गोड लागेना, तरी दोन खाल्ले.

१९ डिसेंबर, शुक्रवार — येळवस

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, अख्खं उमरगा रानात पूजेला. आम्ही पण गेलो, अण्णांना जीपमधून नेलं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली. मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर आंबील. दरवर्षी ज्वारीला आंबील शिंपडत अण्णाच पुढं असायचे. यंदा भागवतकाका निघाले, "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत. अण्णा खुर्चीत.

आणि मागून आवाज — "ओलगे! ओलगे!"

अण्णा! खणखणीत! आईपुढं, काकांपुढं, सगळ्या रानापुढं! काका हातातला तांब्या घेऊन तसेच उभे. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पण. अण्णा आपले म्हणतायत, थांबायला तयार नाहीत.

मी पुण्यात असते तर हे मला फोनवर कळलं असतं. मी इथं होते! किती उपकार मानू, कुणाकुणाचे मानू!

२२ डिसेंबर, सोमवार

दिग्विजयचा फोन. "तुला कुणी सांगितलं नाही? अक्कांनी साहेबांना सांगितलं, ‘शिवांजलीनं बरोबर लिहिलं होतं, ते वाक्य मीच बदललं.’ सगळं स्वतःवर घेतलं. मागच्याच आठवड्यात काढलं त्यांना."

लगेच अक्कांना फोन लावला. या वेळी उचलला. असं का केलंत अक्का, एवढंच म्हणता आलं.

"मला कुठं पण नोकरी मिळते गं. उमरग्यात तुला कोण देणार होतं?"

मी रडत राहिले. त्यांनी फोन ठेवला नाही.