एलियाहूशेजारची खुर्ची

८ नोव्हेंबर, रविवार
आमच्या लेकीला, तिर्झाला मुलगा झाला! आणि आमच्या नवरोबांची, प्रोफेसर गेर्शोनसाहेबांची मुलाखत नेमकी आजच पेपरात— एलियाहू नावाचा संदेष्टा कधी होऊन गेलाच नाही म्हणे, चार भटक्या बैराग्यांच्या गोष्टी कुणीतरी एकत्र शिवल्या. हे हायफात राहून! ज्याच्या गुहेला निम्मं गाव नवस बोलतं, त्याच्याच डोंगरावर घर बांधून.

१० नोव्हेंबर
व्याह्यांचा फोन. सुंता आठव्या दिवशी, त्यांच्याच सिनेगॉगमध्ये; तेच तिथले रब्बी, धर्मगुरू. गेर्शोनशी बोलायला तयार नाहीत. मला म्हणाले, "विहीणबाई, सुंतेला एलियाहूसाठी खुर्ची मांडतात. तो येऊन बसतो. शेजारी बाळाला मांडीवर घेऊन बसायचा मान आजोबांचा, पण कुठल्या? जो म्हणतो शेजारी कुणी नाहीच, तो? मीच बसेन."

गेर्शोन म्हणाला, "बसू देत. एलियाहूच्या खुर्चीवर मी एक टाचणी ठेवतो. ओरडला तर मानेन."

दुपारी त्याच्या खोलीत डोकावले. उशी मांडीवर घेऊन बसला होता, एक हात बाळाच्या डोक्याखाली धरावा तसा. मला पाहून उशी भिरकावली.

१३ नोव्हेंबर
"माफी माग."
"कुणाची? नसलेल्या माणसाची?"
"व्याह्यांची. ते आहेत."
जेवला नाही. विद्वान लोकांचा उपास!

१५ नोव्हेंबर, रविवार
आज सुंता. नवलच! आमचे व्याही, रब्बी शब्तै, सगळ्यांसमोर उभे राहिले. "शुक्रवारी, सबाथच्या रात्री एलियाहू स्वप्नात आला. म्हणाला, प्रोफेसरला माझ्या शेजारी बसव, त्याच्याशी बोलायचंय." गेर्शोन पांढराफटक.

जाऊन खुर्चीशेजारी बसला. बाळ मांडीवर आलं तसे त्याचे डोळे भरले. आणि मी बघितलं— रिकाम्या खुर्चीकडे पसरलेला आपला कोट त्याने हळूच आवरून घेतला, शेजाऱ्याला अडचण नको म्हणून.

१७ नोव्हेंबर
विहीणबाईंचा फोन. "कुणाला बोलू नका. ह्यांचे हात उन्हाळ्यापासून थरथरतात. लोकांना कळू द्यायचं नाही. मांडीवर बाळ, समोर सुरी, धीर झाला नाही त्यांचा. स्वप्नबिप्न काही पडलं नव्हतं."

आत गेर्शोन नवा लेख लिहितोय. 'एलियाहू नव्हताच' खोडून 'खात्रीने सांगता येत नाही' केलंय. मी चहा ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.