ट्रिगरबद्दलची ती ओळ

अण्णा, गेल्या महिन्यात मी एक रायफल तपासून दिली, आणि तीही तुमच्या नावावर. म्हणून तुम्हाला सांगणं भाग आहे. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. मधल्या काळात बरंच काही झालं. त्यातलं बहुतेक तुम्हाला आवडलं नसतं, ते सोडून देते. मी आयर्लंडमध्ये मलिंगारजवळ राहते, लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासते आणि एकावन्नाव्या वर्षी नेमबाजीच्या क्लबात जाते. याचा दोष साथीच्या रोगाला द्या. कितीतरी महिने आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायला सांगितलं होतं, आणि माझ्या पाच किलोमीटरांत गाई, एक चर्च आणि हा क्लब एवढंच होतं. गाईंना माझ्यात रस नव्हता, चर्च बंद होतं. निर्बंध सैल झाल्यावर उघड्यावरचं जे काही आधी सुरू झालं त्यात क्लब होता, म्हणून गेले. मास्क लावून नेम धरला की चष्म्यावर वाफ येते, हे तुमच्या काळात नव्हतं.

तिथे माझी ओळख एकच: हिचे वडील पोलिसांच्या शस्त्रागारात रायफली दुरुस्त करायचे. पहिल्याच दिवशी मी हे सांगून टाकलं. परदेशात माणूस आपल्याकडचं एखादं भांडं घासून पुसून पुढे मांडतो ना, तसं. ते लोक इतके खूश झाले की क्लबचे रेंज सांभाळणारे म्हातारे गृहस्थ आल्यागेल्याला माझी ओळख 'आर्मररची मुलगी' अशी करून द्यायला लागले. मी पस्तीस वर्षांत बंदुकीला हात लावला नव्हता, हे मात्र मी सांगितलं नाही. का लावला नव्हता, हे तर नाहीच.

क्लबात एक सत्तरीची बाई आहे. पोस्टातून रिटायर झालेली, माझ्यासारखीच डावखुरी. क्लबच्या सगळ्या रायफलींचा बोल्ट, म्हणजे दर गोळीनंतर मागे ओढायचा दांडा, उजवीकडे, म्हणून ती डाव्या खांद्यावर दस्ता ठेवून दर गोळीला वरून आडवा हात टाकून बोल्ट ओढते. आता तिची बोटं सांध्यांतून सुजतात. शेवटी तिने क्लबकडे एक डावखुऱ्या बोल्टची रायफल मागितली, आणि लगेच लाजलीही. "अगं, नसली तरी ग्रँड आहे, जमवेन मी," असं तिने मला तीनदा सांगितलं. इथे ग्रँड म्हणजे बरं नाही, पण बोलायचं नाही. दुकानदाराच्या यादीत उजव्यांसाठी पानभर रायफली, आणि परवडेल अशी डावी एकच. शिवाय इथे आधी रायफल ठरवायची आणि मग तिच्या नंबरासकट पोलिसांकडे परवाना मागायचा. म्हणजे साखरपुडा उरकून मग मुलगी बघायला जायचं. चुकलं की सगळे कागद पुन्हा. तेव्हा घेण्याआधी कुणीतरी जाणत्याने तपासावी असं कमिटीत ठरलं. जाणती कोण, तर आर्मररची मुलगी, वर डावखुरी.

एका शनिवारी दुकानदार स्वतः ती घेऊन रेंजवर आला. तुमचीच पॉइंट टू टू बोअरची रायफल, अण्णा, फक्त आरशात बघितल्यासारखी. दस्ता प्लास्टिकचा, टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा वाजणारा. डावखुऱ्यांसाठी म्हणून बोल्ट तेवढा या बाजूचा त्या बाजूला नेलेला. बाकी सगळं होतं तसंच, म्हणजे आमच्या वाट्याला समानता नेहमी येते तेवढीच. मॅगझिन जरा हललं की सुटून हातात येत होतं. बोल्ट पहिल्या चाळीसेक गोळ्यांपर्यंत कुरकुरला, मग मऊ झाला. मी तुमच्यासारखीच सुरुवात केली. आधी रिकामी आहे का बघितली, एकदा नजरेने आणि एकदा करंगळी घालून. मग नळीतून पुलथ्रूने, म्हणजे साफसफाईच्या दोरीने, चिंदी ओढली. दुकानदार बघतच राहिला. हात आपोआप चालत होते आणि मला त्या लोखंडी दाराच्या खोलीतला तेलाचा वास येत होता. तिथे शाळेतून येऊन मी स्टुलावर बसायचे आणि तुमच्याकडे शिपाई यायचे. "अण्णा, ही रायफल डावीकडे मारते." तुम्ही ती रायफल घेऊन मागे मैदानावर जायचात, वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या मारायचात आणि छिद्रं पडलेलं निशाण्याचं कार्ड त्या शिपायाच्या हातात द्यायचात. "रायफल सरळ आहे, साहेब. वाकडं काय ते तुम्ही घरी जाऊन शोधा."

मीही तसंच केलं. म्हाताऱ्यांना म्हटलं, आधी तुम्ही मारा. ते पक्के उजवे. डाव्या बोल्टशी झटापट करत, कुणाच्या तरी आईचा उद्धार करत त्यांनी पन्नास मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पाचही छिद्रं एका नाण्याखाली झाकली गेली. "रायफल चोख आहे," ते म्हणाले, "ट्रिगर थोडा जड, पण साफ सुटतो. एवढ्या किमतीत तुझा हा गडी वाईट नाही." इथे प्रत्येक जण आणि प्रत्येक वस्तू 'तुझा गडी' असते. मग मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा डाव्या खांद्यावर, डाव्या डोळ्याने, डाव्या बोटाने.

अण्णा, तो दिवस तुम्हाला आठवतो का, माहीत नाही. मी सोळा वर्षांची, एनसीसीची निवड चाचणी. हवालदार म्हणाला, बोल्ट उजवीकडे तर खांदा उजवा. मी उजव्या खांद्यावरून मारलं आणि निवडीतून बाद झाले. तुम्ही रायफली पोचवायला आला होतात, सगळं बघितलंत. स्कूटरवर घरी येताना मी मागून रडत म्हणाले, मला डावीकडून मारू दिलं असतं तर मी पहिली आले असते. तुम्ही सिग्नलला थांबलात आणि मान न वळवता म्हणालात, "बाजूचं काही नाही. तू ट्रिगर झटकतेस, म्हणून गोळी खाली आणि बोटाकडे जाते. आमच्या घरची असून झटकतेस." घरी आई स्वयंपाकघरात माझा पोळी लाटायचा हातसुद्धा बदलायला लावणारी, डाव्या हाताने देवाला काही वाहायचं नाही म्हणून ओरडणारी; मला वाटलं, तुम्हीही त्यांच्यातलेच. आठवड्याने तुम्ही मला एक कात्री दिलीत. शस्त्रागारात दोन पाती घासून, उलटी जोडून केलेली, डाव्या हाताची. मी ती कधी वापरली नाही. सात वर्षांनी तुम्ही गेलात तोवर आपण पुष्कळ बोललो, पण त्या विषयावर नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं: कधीतरी डावीकडून मारेन आणि तुम्ही चुकला होतात हे दिसेल.

डावीकडून पाच गोळ्या मारल्या. सगळ्या खाली आणि डावीकडे, पसरलेल्या. मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, क्लबची नेहमीची रायफल घेऊन उजव्या खांद्यावरून पाच. त्याच डब्यातल्या गोळ्या, तीच वाळूची पिशवी. ते कार्ड न बघता घडी घालून खिशात टाकलं. घरी आल्यावर दोन्ही कार्डं ओट्यावर ठेवली आणि प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, चहाचा डबा काढायला वळले. मुलगी कॉलेजचा ऑनलाइन तास संपवून आली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र मलिंगारचं इंग्लिश, आईलाही इथल्यासारखं मॅम म्हणते. तिने कार्डं उचलली, एक उलटं करून दुसऱ्यावर धरलं आणि खिडकीच्या उजेडात बघितलं.

"दे आर द सेम, मॅम. जस्ट फ्लिप्ड."

"दाखव."

उजवीकडच्या कार्डावर पाचही छिद्रं खाली आणि उजवीकडे. तितकीच खाली, तितकीच पसरलेली. दोन्ही हातांनी, दोन्ही खांद्यांवरून, दोन वेगळ्या रायफलींनी एकच गोष्ट केली होती. "व्हॉट डझ इट मीन?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हात धू, जेवायला बस. एकावन्न वर्षांची बाई ओट्यापाशी उभी राहून, स्कूटरवर मागे बसलेल्या मुलीसारखी रडणार होती, ते टाळलं.

रविवारी सकाळी मी अहवाल लिहिला. दस्त्याबद्दल लिहिलं, मॅगझिनबद्दल लिहिलं, बोल्ट वापराने मऊ होतो हे लिहिलं. सगळं खरं. मग माझं डावीकडचं कार्ड जोडायचं होतं आणि त्याखाली कारण लिहायचं होतं. मी लिहिलं: ट्रिगर जड आणि खरखरीत आहे, त्यामुळे गोळ्या खाली डावीकडे ओढल्या जातात, क्लबसाठी घेऊ नये. दुसरं कार्ड जोडलं नाही. म्हाताऱ्यांनी फोन केला. "मला तर ट्रिगर साफ वाटला." मी म्हटलं, तुम्ही उजवे, तुम्हाला डावखुऱ्यांचं कळायचं नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे, ही तुमच्या घरातलीच विद्या." कमिटीने रायफल परत पाठवली. यादीत दुसरी डावी परवडणारी नाही.

पोस्टातली बाई पार्किंगमध्ये भेटली. सुजलेला हात कोटाच्या खिशात. "बरं झालं बाई तू तपासलीस," ती म्हणाली, "नाहीतर भलतंच गळ्यात पडलं असतं. थँक यू हं." गेले दोन शनिवार ती आलेली नाही. म्हातारे म्हणतात, बोटं दुखतात तिची, आता बहुतेक सोडेल.

क्लबच्या सेक्रेटरीला दोन ओळींचा ईमेल पुरेसा आहे: ट्रिगर ठीक होता, माझं बोट ठीक नव्हतं. दुकानदाराकडे ती रायफल अजून आहे, मी काल फोन करून विचारून घेतलं. पण त्या ईमेलला उत्तर येईल, या पत्राला येणार नाही. म्हणून तो बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसले.