हलका एप्रन

६ सप्टेंबर २००४, सोमवार

आणि त्या बाईला मी घरचं तूप नेऊन दिलं! पावशेर! का, तर माझ्या पाठीची काळजी घेतली म्हणून. जानेवारीत पद्मावती सिस्टर कशी गोड बोलली — "शांतव्वा, तुझा हिरवा एप्रन लई जड. पाठ धरतीय न्हवं? घे हा निळा, हलका हाय." घेतला. आठ महिने तोच घालून दवाखान्यात अँजिओग्राफीच्या खोलीत आयाचं काम करत उभी राहते.

आज मशीनवाल्या सम्मेदनं सगळे एप्रन एकेक करून टेबलावर टाकले आणि एक्स-रे लावला. आत शिसं असतं, पडद्यावर काळंकुट्ट दिसायला पाहिजे. चार दिसले. माझा निळा — पोटावर आडव्या पांढऱ्या रेघा. भेगाच भेगा! कुणीतरी साडीगत घडी घालून ठेवत होतं. शिशाला घडी चालत नाही, मोडतं. दांडीलाच टांगावं लागतं.

"मावशी, ह्यातनं समदं आत येतंय की." मग एप्रनचा कोपरा उलटून बघत — "पण हा मी जानेवारीतच तपासला होता. बाद म्हणून चिठ्ठी लावलेली."

चिठ्ठी कुणी काढली?

७ सप्टेंबर

विचारलं. सगळ्यांसमोर. "सिस्टर, भेगा म्हाईत होत्या का न्हाई?"

"आत चल, सांगते."

"आत न्हाई. हितंच."

मान खाली घालून कापसाचे बोळे करत बसली. नवा मागवलाय म्हणे, अजून आला नाही. तोवर कुणीतरी घालायलाच पाहिजे होता. "तुझं वय झालंय शांतव्वा. तुला आता पोरं व्हायची न्हाईत."

म्हणजे माझ्या पोटात काय बी जाऊ दे! एक्स-रे चालू झाला की सिस्टर काचेमागं जाते, डॉक्टर दोन पावलं मागं सरतात. मी कुठं सरू? पेशंट हलला की "आक्का, हात धरा!" — आणि आक्का धरते. सात वर्षं धरतेय.

शांभवीला सांगावं म्हणून गेले, तर ती जेवणाच्या सुट्टीतच घरी गेलेली. माझी लेक. जानेवारीत डॉक्टरांच्या मागं लागून मीच तिला इथं शेजारच्या एक्स-रे खोलीत नर्स म्हणून लावली. तिला सांगायलाच पाहिजे, ह्या सिस्टरवर इश्वास ठेवू नको म्हणून.

८ सप्टेंबर

शांभवी रजेवर. मुरगूडला तिच्या सासरी फोन केला. जावई म्हणाला, डोकं दुखतंय, झोपलीय.

निळा एप्रन घातला नाही. पेशंट टेबलावर, डॉक्टर ओरडतायत. "पहिला धड एप्रन द्या," म्हटलं आणि बाहेर स्टुलावर बसले. शेवटी सम्मेदनं स्वतःचा काढून दिला आणि काचेमागनं मशीन चालवलं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणी काही काढून दिलं!

९ सप्टेंबर

रक्त तपासलं. बरं आहे, डॉक्टर म्हणाले. आज बरं आहे — पुढं? "पुढचं कसं सांगणार मावशी?"

शांभवी फोनवर येत नाही.

१० सप्टेंबर, शुक्रवार

सिस्टर घरी आली. चहा विचारला नाही.

"मी तोंड उघडणार नव्हते. पण चार लोकांत तू मला चोर केलंस," म्हणाली.

निळा एप्रन शांभवीच्या वाट्याला आलेला. नवी म्हणून. चिठ्ठी वाचून ती सिस्टरपुढं रडली — मला लेकरू व्हायचंय, माझ्या अव्वाचा हिरवा मला द्या, हा तिला द्या. तिला आता पोरं व्हायची न्हाईत. आणि तिला सांगू नका.

ते बोलणं माझ्या लेकीचं! चिठ्ठी तिनंच फाडली.

हिरवा एप्रन मी माझ्या हातानं तिच्या अंगावर चढवला असता. आणि निळा दोघींच्या डोळ्यांदेखत कात्रीनं फाडला असता.

मुरगूडला निरोप धाडलाय — रविवारी बाराच्या आत ये. एकटी. रडायचं नाही. मला का विचारलं नाहीस, तेवढं तोंडानं सांग. रविवार गेला तर सोमवारी मी तुझ्या सासरी येऊन विचारीन, सगळ्यांसमोर.