पत्र्याखालची हवा

४ एप्रिल
सुयश वरच्या खोलीचं सीलिंग उघडून घेतोय. उन्हाचा बंदोबस्त म्हणे. म्हणजे खाली यायचा विचार नाही.

फेब्रुवारीत त्यानं शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. बायकोला, म्हणजे मला, ते शेजारच्या आवडाबाईंकडून कळलं. भांडण झालं, हा गादी घेऊन वर गेला. वर उतरता पत्रा. मी गप्प बसले — उन्हाळा लागला की पत्राच धाडेल त्याला खाली. समजूत घालायचं काम उन्हावर सोपवलं होतं.

५ एप्रिल
एक्केचाळीस अंश. तो वरच.

७ एप्रिल
सांडू मिस्त्री आले. सीलिंग काढलं तर ऊन अडवायला भरलेलं ग्लासवुल थेट पत्र्याला चिकटलेलं. काळं, ओलसर. पत्रा आतून गंजलेला.

"हवा यायला वाटच नाय साहेब. वळचणीची भोकं कुणी बुजवली?"

साहेबांनीच. पारव्यांचा त्रास म्हणून, सिमेंट लावून.

मी चहाचा ट्रे घेऊन उगाच तिथं उभी राहिले. बरं वाटलं.

८ एप्रिल
वर धूळ, म्हणून सुयश हॉलमध्ये दिवाणावर. जेवताना आपणहून बोलला. इतक्या दिवसांनी — तेही हवेबद्दल.

"नुसतं कोंबून भागत नाही, उमा. पत्र्याखाली चार बोटं मोकळी हवीत. वळचणीतून हवा आत येते, तापली की आढ्यातून बाहेर जाते. वाट नसली की आत ओल धरते."

"नोकरी का सोडलीस?"

"वळचणीला जाळी लावू. म्हणजे पारवे येणार नाहीत."

१० एप्रिल
खोली झाली. आढ्यावर वाऱ्यानं फिरणारा गोल पंखा बसवलाय. सुयश बँकेत गेला होता म्हणून दुपारी बघायला गेले. उभी राहिले. मग बसले. मग चक्क आडवी झाले. खाली बेल वाजली असेल, कुकर राहिला असेल — काही ऐकू आलं नाही. इतकी गाढ झोप लग्नानंतर लागल्याचं आठवत नाही.

११ एप्रिल
संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"माझ्या हाताखालच्या तिघांना काढायला सांगितलं होतं. मला जमलं नाही. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, काढ."

बहुतेक म्हणाले असते. पण विचारायचं तरी. तसं बोलून दाखवलं. त्यानं मान खाली घातली. "चुकलं," म्हणाला. मग बराच वेळ ओट्यावरची कोथिंबीर निवडत राहिला, देठांसकट.

"मी खाली येऊ का परत?"

"ये की," म्हटलं.

१२ एप्रिल
सुयशनं सकाळीच गादी खाली आणली. जिना मोकळा झाल्यावर मी माझी वर नेली.