पंतांच्या पुड्या

दि. २ मार्च

चि. चिमणीस,
मामाचे अ. उ. आ.

नव्या नोकरीत रुळली असशील. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून आपलं पत्रच बरं. आमचे पंत महिनाभर मागच्या पायांनी लंगडत होते. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. कुत्रा असला तरी अकरा वर्षं माझ्या पायाशी झोपलेला जीव तो, बघवेना. घरात माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्या पडल्यात, मग दवाखान्याची रांग कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा.

चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलीय, उगीच अंदाजपंचे काही केलं नाही. आधी एकटा काट्यावर उभा राहिलो, मग पंतांना कडेवर घेऊन. चौदा किलो भरले. चौदा किलोच्या पोराला जेवढं औषध देतात तेवढंच खलात कुटून पुड्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी पंत एका दमात गच्चीवर. तू एवढी शिकून जनावरांची डॉक्टर झालीस, पण मामाचा हात अजून चालतो म्हटलं.

गल्लीत बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो? शिंपीणबाई, सुतार, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई, सगळे आपापली कुत्री घेऊन दारात. किती वर्षांनी कुणीतरी मला ‘जरा बघता का’ म्हणालं. बरं वाटलं गं.

लोभ आहे तो जपून ठेव.

तुझा,
मामा

दि. ८ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं उत्तर नाही. डॉक्टरीणबाईंना कंपाउंडरचा राग आला की काय? पंतांचं जरा बिनसलंय. दोन दिवस ताटली हुंगून परत फिरतात, पाणी मात्र पितच राहतात. काल ओकले. शी डांबरासारखी काळी झालीय, ऊन बाधलं असेल. पाय पुन्हा धरलेत, म्हणून पुडीत औषध थोडं वाढवलं. येईल गुण.

मागच्या गल्लीतले बसड्रायव्हरही येऊन गेले. माझे जुने पेशंट. माझ्या हातची पुडी त्यांनी जन्मात कधी चुकवली नाही, म्हणून तर अजून टुणटुणीत आहेत. आपल्या बुटक्या कुत्रीला घेऊन ते मुलीकडे राहायला चाललेत. तिकडे कमी पडू नयेत म्हणून तिच्यासाठी महिनाभराच्या पुड्या बांधून दिल्या. किती वेळा आभार मानले त्यांनी.

दोन ओळी तरी लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा

दि. ११ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आधी ऊठ आणि पंतांची पुडी बंद कर. मग पुढचं वाच.

दहा दिवस गुरांना लस टोचत गावोगाव हिंडत होते. आज परतले तर दाराखाली तुझी दोन्ही पत्रं एकदम. तुला ऐकू येत नाही हे माहीत असून तीनदा फोन लावला. शेजारच्यांचा नंबर कधी घेऊन ठेवला नाही, चूक माझीच.

वजन मोजून भागत नाही रे. कुत्रा म्हणजे लहान मूल नव्हे. आपल्या दुखण्यावरच्या गोळ्या त्याच्या शरीराला पचवून बाहेर टाकता येत नाहीत. पोटात आतून जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आधी दुखणं थांबतं, म्हणूनच तर माणूस फसतो. ती काळी शी म्हणजे पोटातलं रक्त आहे, ऊन नव्हे. पत्र मिळताक्षणी त्यांना जनावरांच्या दवाखान्यात ने. गोळ्यांचं पाकीट बरोबर घे, आणि किती दिवस किती दिलं ते खरं सांग. घरच्या घरी ओकारी काढायला जाऊ नकोस. ज्यांना पुड्या दिल्यास त्यांच्याही दारी जा. लाज वाटली तरी जा.

तुझ्यावर रागावले नाही मी, मला भीती वाटतेय. भाचीवरचा लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी,
चिमणी

दि. १६ मार्च

चि. चिमणीस,

पंत गेले. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दुपारी, जिन्याच्या त्याच मधल्या पायरीवर. सकाळची पुडी मीच दुधातून पाजली होती. तोंड फिरवत होते, तरी जबडा धरून पाजली. लोकांच्या पोरांना जसं पाजायचो तसंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुझं पत्र खिशात घालून दारोदार गेलो. शिंपीणबाईंनी पुड्या परत दिल्या, त्यांचा कुत्रा बरा दिसतो, तरी तपासून आणायला सांगितलं. सुताराचा दवाखान्यात सलाइनवर आहे, सुताराने मला बघून दार लावून घेतलं. हेडबाईंनी कुत्र्याला एकही पुडी दिली नव्हती. माझं मन मोडू नये म्हणून नुसत्या घेऊन ठेवल्या होत्या म्हणाल्या. त्यांच्या पायरीवर बसून मी रडलो.

ड्रायव्हरांच्या दाराला कुलूप आहे. मुलीचं गाव शेजाऱ्यांना ठाऊक नाही, डेपोत कुणाकडे नंबर नाही. रोज दोनदा जाऊन कुलूप बघून येतो. साठ पुड्या आहेत त्यांच्याकडे, आणि प्रत्येकीवर माझ्या अक्षरात लिहिलंय, सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

तो माणूस चुकवणारा नाही गं.

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. लोभ तूच ठेव.

मामा